सातपुड्याच्या बटव्याला वारस हवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी खानदेशातील घराघरांत धन्वंतरीचे स्मरण होते. धणे-गुळाचा नैवेद्य दाखविला जातो, दाराशी दिवा लागतो. त्याच सुमारास सातपुड्यात अस्तंभ्याची यात्रा भरते. हे शिखर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे; १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्याचाच भाग होते. कपाळावरील जखम भरून येत नाही म्हणून अश्वत्थामा या डोंगरात तेल मागत हिंडतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवितो, अशी तेथील भाविकांची श्रद्धा आहे. शहरात आरोग्यदेवतेची पूजा आणि डोंगरात न भरणाऱ्या जखमेची कथा, या दोन्ही गोष्टी एकाच पर्वात याव्यात हा योगायोग असेल. पण खानदेशातील वनौषधींच्या परंपरेकडे पाहिले की तो मनाला चाटून जातो. ज्या डोंगराने पिढ्यान् पिढ्या इतरांच्या जखमांवर औषध दिले, त्या डोंगराच्या ज्ञानालाच आज एक जखम झाली आहे आणि तिच्यावर तेल घालण्यास कोणी पुढे येताना दिसत नाही.

रावेर-यावल-चोपड्याच्या उत्तरेस आणि शिरपूरच्या माथ्यावर पसरलेला सातपुडा, तसेच साक्री तालुक्यातील सह्याद्रीचे फाटे, हा खानदेशाचा औषधी पट्टा. पावरा, बारेला, भिल्ल, तडवी, कोकणा, मावची असे अनेक समाज येथे राहतात. पावसाचे चार महिने सोडले तर हे जंगल कोरडेच. साग, सालई, धावडा, अंजन, पळस, मोह यांचे. नवख्याला ते उघडेबोडके वाटते. जाणत्याला मात्र त्यातील प्रत्येक झुडुपाचे काम ठाऊक असते.

जुलाब लागले तर कुड्याची साल. पोटात मुरडा आला तर मुरुडशेंग; शेंगेचा पीळ पाहिला की नावाचा उलगडा वेगळा करावा लागत नाही. खोकल्यावर भुईरिंगणी, सांधे सुजले तर निर्गुडीच्या पाल्याचा शेक, जंतांवर पळसाच्या बिया, बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरीचे मूळ, मोडलेल्या हाडावर हाडसांधीच्या कांड्यांचा लेप आणि वर बांबूच्या कामट्या. लघवीतून साखर जाते त्याने बिवळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी प्यावे, हा उपायही जुनाच. भगत किंवा बडवा, हाडवैद्य आणि सुईण हे या ज्ञानाचे तीन मुख्य धारक. त्यांच्यापाशी ग्रंथ नाही, पाटी नाही, दवाखान्याची खोली नाही. जे आहे ते स्मरणात आणि हातात.

हे ज्ञान शिळे आहे, असे समजण्याचेही कारण नाही. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या एकदांडीचा पाला चुरगाळून ताज्या जखमेवर लावणे हा खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक असलेला उपाय. ही वनस्पती मुळात भारतातील नव्हे. ती उष्ण अमेरिकेतून गेल्या काही शतकांत येथे आली. याचा अर्थ, परके तण दारात उगवले तेव्हा कोणीतरी ते हाताळून पाहिले, गुण पारखला आणि तो पुढच्या पिढीस सांगितला. निरीक्षण, प्रयोग आणि प्रसार या तिन्ही पायऱ्या येथे आहेत. कागद तेवढा नाही.

शहराच्या घरातील सातपुडा

जळगाव-धुळ्यातील मध्यमवर्गीय कुटुंबास हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाही. बाळंतिणीसाठी जे डिंकाचे लाडू होतात, त्यांतील उत्तम डिंक धावड्याचा. बाळगुटीच्या सहाणेवर ज्या मुळ्या-फळांचे वेढे उगाळले जात, त्यांत मुरुडशेंग, हिरडा, बेहडा असतच. (आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे असे सांगतात आणि ते योग्यच आहे.) देवघरातील धुपात सालईचा डिंक असतो, त्याच सालईच्या अर्काच्या गोळ्या सांधेदुखीसाठी आज युरोप-अमेरिकेच्या दुकानांत बाटलीबंद मिळतात. बिवळ्याचेच दुसरे नाव विजयसार. त्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९० च्या दशकात अनेक केंद्रांवर चाचण्या घेतल्या. म्हणजे आजीबाईचा बटवा म्हणून ज्याचा आपण कौतुकाने उल्लेख करतो, त्या बटव्यातील कितीतरी जिन्नस कोण्या अनाम वनवासी स्त्रीने उन्हातान्हात वेचलेले असतात.

आयुर्वेदाने हे ऋण कधी लपविले नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात असा निर्देश आहे की, औषधींची नावे व रूपे रानात हिंडणारे गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना ठाऊक असतात. मात्र नाव-रूप ओळखणे पुरेसे नसून देश, काल व रुग्ण पाहून योजना करणारा तोच खरा वैद्य. सुश्रुतानेही रानात वावरणाऱ्यांकडून औषधींची माहिती घेण्यास सांगितले आहे. येथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. वनातील माणूस हा ज्ञानाचा पहिला स्रोत आहे, ही कृतज्ञता. आणि त्या ज्ञानाची शास्त्राने परीक्षा व्हावी, हा विवेक. नगरातील ग्रंथ आणि वनातील स्मरण हे एकाच प्रवाहाचे दोन काठ आहेत. आजची अडचण अशी की एका काठास कायद्याचा बांध मिळाला आहे आणि दुसरा काठ खचत चालला आहे.

तीन घाव

पहिला घाव पिढीचा. बडव्याचा मुलगा आश्रमशाळेत शिकतो, पुढे सुरतेस किंवा नाशिकला कामास जातो. त्यात गैर काहीच नाही. शिक्षण आणि रोजगार हा त्याचा हक्क आहे. पण वर्षातील ज्या महिन्यांत मूळ खणायचे, साल काढायची, त्या महिन्यांत तो जंगलात नसतो. औषधज्ञान हे वहीत वाचून येत नाही, मागे मागे हिंडून येते. कोणत्या पानाचा वास कसा, उताराच्या कोणत्या बाजूस ती वेल सापडते, किती घेतले म्हणजे औषध आणि किती घेतले म्हणजे विष, हे सारे चालता चालता शिकायचे असते. शिकणारा नसला की सांगणाराही गप्प होतो. शिवाय औषध उघड सांगितले की त्याचा गुण जातो, अशी अनेक जाणत्यांची समजूत. मग एक म्हातारा जातो आणि त्याच्यासोबत एक संपूर्ण औषधालय जाते. पाड्यावर त्याची नोंद फक्त मृत्यूच्या वहीत होते.

दुसरा घाव बाजाराचा. सालई-धावड्याच्या खोडास खोल खाचा पाडून चोरट्या मार्गाने डिंक नेण्याचे प्रकार सातपुड्याच्या पायथ्याशी नवे नाहीत. जाणता माणूस झाडाची साल एका बाजूने, तीही बेताने काढतो. व्यापाऱ्याने धाडलेला मजूर खोड चौफेर सोलतो आणि झाड उभेच वाळते. सफेद मुसळीचे उदाहरण तर बोलके आहे. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात मुंबईचे बोरिवली आहे, कारण तिची ओळख तेथील नमुन्यांवरून पटली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मुसळीच्या शेतीची लाट आली. बियाण्याचे भाव भडकले, खरेदीची भरघोस आश्वासने दिली गेली आणि बाजार कोसळला तेव्हा अनेक शेतकरी बुडाले. दरम्यान रानातील मुसळी मात्र मुळासकट उपसली गेली. जो ती ओळखत होता, त्याच्या पदरी एका दिवसाच्या मजुरीपलीकडे काही पडले नाही.

तिसरा घाव कायद्याच्या पोकळीचा. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक खोल आहे.

हळद जिंकली, कारण कागद होता

१९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. हळद जखमेवर लावतात हे भारतात शेंबड्या पोरासही ठाऊक. तरी ते पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. या विजयाचा देशाने योग्य तो अभिमान बाळगला. पण तो विजय कशाच्या बळावर मिळाला, हे फारसे कोणी सांगत नाही. परिषदेने अमेरिकी कार्यालयापुढे लिखित पुरावे मांडले. त्यांत जुने ग्रंथ होते आणि १९५३ मधील एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. कोट्यवधी मातांनी मुलांच्या गुडघ्यांवर लावलेली हळद पुराव्यात धरली गेली नाही. छापलेला कागद धरला गेला.

यातून बोध घेऊन २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम सुरू झाले. आयुर्वेद, सिद्ध, युनानी, योग यांच्या ग्रंथांतील लक्षावधी योग त्यात परकीय भाषांत नोंदविले गेले आणि अनेक बनावट दावे त्यामुळे फेटाळले गेले. हे काम निःसंशय मोलाचे आहे. पण त्याचा पाया मुख्यतः ग्रंथ हाच आहे. यावलच्या डोंगरातील एखाद्या सुईणीस जे ठाऊक आहे आणि कोणत्याही संहितेत नाही, ते उद्या कोणी नेले तर तिच्या बाजूने कोणता कागद पुढे करणार?

आफ्रिकेत हे घडून गेले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातील सान लोक शिकारीच्या लांब वाटचालीत हुडिया नावाच्या काटेरी वनस्पतीचा तुकडा चघळतात. त्याने भूक-तहान मरते. १९९० च्या दशकात तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यातील भूक मारणाऱ्या घटकाचे पेटंट घेतले. तिचे नावही आपल्या परिषदेसारखेच, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद. पुढे तो हक्क आधी एका ब्रिटिश आणि नंतर एका बलाढ्य अमेरिकी कंपनीकडे गेला. सान लोकांना कोणी विचारलेही नाही. बोभाटा झाल्यावर, २००३ मध्ये, त्यांच्याशी लाभवाटपाचा करार झाला. पण औषध बाजारात स्थिरावले नाही आणि हाती आले ते अल्पच. यातील धडा कडू आहे. ज्ञानाची उचल नेहमी परकेच करतात असे नाही. स्वदेशातील विद्वत्संस्थाही आपल्याच वनवासी बांधवाकडे पाहावयास विसरते.

मादागास्करची सदाफुली तर जळगावच्या प्रत्येक अंगणात फुललेली असते. मधुमेहावर लोक तिचा पाला वापरतात, या समजुतीचा मागोवा घेत १९५० च्या दशकात पाश्चात्त्य संशोधकांनी तिची तपासणी केली. मधुमेहावर नव्हे, पण रक्ताच्या कर्करोगावर गुणकारी अशी औषधे त्यातून निघाली आणि असंख्य मुलांचे प्राण वाचले. मानवतेचे हित झाले, त्याबद्दल खंत कोणी करणार नाही. मात्र जेथून ते फूल जगभर गेले, त्या बेटास त्यातून काहीही मिळाले नाही.

याउलट केरळात एक चांगला पायंडा पडला. अगस्त्यमलै परिसरातील काणी जनजातीच्या वाटाड्यांनी १९८७ मध्ये शास्त्रज्ञांना थकवा घालविणारे एक रानफळ दाखविले. तिरुवनंतपुरमच्या वनस्पती संशोधन संस्थेने त्यावरून ‘जीवनी’ हे औषध तयार केले, १९९५ च्या सुमारास त्याचा उत्पादनहक्क १० लाख रुपयांस दिला आणि मिळालेल्या शुल्कातील व स्वामित्वधनातील निम्मा वाटा काणी समाजाच्या न्यासास देण्याचे ठरविले. पुढे त्यात अडचणी आल्या, तरी तत्त्व प्रस्थापित झाले. ज्याने दाखविले, तो वाटेकरी.

नोंदवह्या आहेत, नोंद नाही

भारताचा कायदा या बाबतीत जगात मागे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक बौद्धिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. महाराष्ट्राचे जैवविविधता मंडळ २०१२ पासून नागपुरात आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे असा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला गेला की, पेटंट मागणाऱ्याने वनस्पतीचा व ज्ञानाचा उगम उघड करावा; पुरेशा देशांच्या अनुमोदनावर त्याचा अंमल अवलंबून आहे. छत्र आहे, पण त्याखाली उभे कोण आहे?

२०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बजावले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व समित्या व नोंदवह्या पूर्ण कराव्यात, अन्यथा राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील. पंधरा वर्षे रेंगाळलेले काम मग काही महिन्यांत उरकले गेले. आज देशात अडीच लाखांहून अधिक समित्या कागदावर आहेत. पण घाईने केलेल्या वहीत काय असते, हे ग्रामपंचायतीच्या कपाटांशी परिचय असणारास सांगावयास नको. आंबा, वड, पिंपळ, कडुनिंब. गाय, म्हैस, शेळी. ‘पारंपरिक ज्ञान’ या रकान्यात एक आडवी रेघ. त्या रेघेखाली एक जिवंत माणूस गाडला गेला आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही.

अशा स्थितीत २०२३ ची कायदा दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. वैद्य, हकीम व नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना तिने अनेक जाचक बंधनांतून मोकळे केले. औषधी वनस्पतींच्या लागवडीस उत्तेजन दिले. हा हेतू स्वागतार्हच. खेड्यातील वैद्याने चार मुळ्या कुटल्या म्हणून त्याने कोणा मंडळाचे उंबरे झिजवावेत, असे कोण म्हणेल? परंतु त्याच दुरुस्तीने संहिताबद्ध ज्ञानाचा उपयोग करणाऱ्या देशी उद्योगांनाही पूर्वसूचना व लाभवाटप यांतून सूट दिली. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने देशी उत्पादकांनीही स्थानिकांना लाभाचा वाटा द्यावा, असा निर्णय दिला होता. त्या निर्णयाने उघडलेले दार आता बरेचसे लोटले गेले आहे. हिरडा ग्रंथात आहे, मुरुडशेंग ग्रंथात आहे, सालई ग्रंथात आहे; मग ती वेचणाऱ्याचे देणे संपले काय? ज्या चरकाने वनवासीयांचे ऋण आरंभीच नोंदविले, त्याच्याच ग्रंथाचा आधार घेऊन ते ऋण बुडीत खाती टाकणे हे आयुर्वेदाच्या नावास शोभणारे नाही. संहितेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच ही विसंगती शासनाच्या निदर्शनास आणली पाहिजे. ग्रंथात नसलेल्या ज्ञानास कायद्याचे संरक्षण अजून आहे. पण ते मागण्यासाठी नोंद हवी आणि नोंदीच्या जागी रेघ आहे.

भक्ती नको, पारख हवी

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. वनौषधींचे गोडवे गाताना डोळे मिटून चालणार नाही. साप चावल्यावर जडीबुटीत गेलेला प्रत्येक क्षण प्राणावर बेतू शकतो. त्यावर प्रतिविष हाच उपाय आणि ते रुग्णालयातच मिळते. कळलावीचा कंद प्रसूतीसाठी वापरण्याची चाल आहे, पण त्यातील विष मात्रा चुकल्यास जीव घेते. बिब्ब्याने कातडी भाजते. लहान मुलाच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देणे ही परंपरा नव्हे, ती क्रूरता आहे. पावरा-भिल्ल समाजांत आढळणारा सिकलसेल हा रक्तदोष आनुवंशिक आहे. त्यासाठी तपासणी आणि नियमित वैद्यकीय उपचार लागतात. २०२३ मध्ये केंद्राने त्याविरुद्ध राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्याचा लाभ प्रत्येक पाड्यास मिळाला पाहिजे. भगताकडे जावे की दवाखान्यात, असा वाद घालण्यापेक्षा भगतानेच ‘हे माझ्या हातचे नाही, दवाखान्यात न्या’ असे सांगावे, इतका विश्वास आरोग्यसेवेने त्याच्याशी जोडला पाहिजे. ज्याचा अपमान केला, तो रुग्णास आपल्याकडे पाठविणार नाही, हे सरळ आहे.

पारख करायची तर आधी ओळख हवी. एकाच नावाने दोन वनस्पती आणि एकाच वनस्पतीस चार नावे, हा नित्याचा घोळ. ब्राह्मी म्हणून एके ठिकाणी एक रोप देतात, दुसरीकडे दुसरेच. या बाबतीत खानदेशाचे सुदैव असे की वनस्पतिशास्त्रज्ञांनी पायाभूत काम करून ठेवले आहे. धुळ्याचे प्रा. डॉ. डी. ए. पाटील यांचा धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतिसंपदेवरील ग्रंथ २००३ मध्ये आणि क्षीरसागर-पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरील ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अडचण एवढीच की हे ग्रंथ इंग्रजीत आहेत. ज्याच्या अंगणातील रोपाचे वर्णन त्यांत आहे, त्याला ते वाचता येत नाहीत.

बारीपाड्याने काय केले

मग उपाय काय, असे विचारणाराने साक्री तालुक्यातील बारीपाड्यास जाऊन यावे. उजाड झालेल्या डोंगराखालील हा लहानसा पाडा. चैत्राम पवार या गावच्याच उच्चशिक्षित तरुणाने गावकऱ्यांना एकत्र आणले. वनवासी कल्याण आश्रमाचे डॉ. आनंद फाटक यांचे मार्गदर्शन लाभले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नियम मोडणारास दंड, हे सारे गावाने स्वतः ठरविले व स्वतः पाळले. सुमारे ११०० एकर जंगल पुन्हा उभे राहिले. विहिरींना पाणी आले, स्थलांतर ओसरले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तो साऱ्या पाड्याचाच गौरव होता.

या गावात २००४ पासून रानभाज्यांची पाककला स्पर्धा होते. स्त्रिया आपल्या रानातील भाज्या रांधून आणतात. कोणती भाजी कोठे मिळते, कशी शिजवावी, कशास गुणकारी, याची त्या निमित्ताने उजळणी होते. स्पर्धा म्हणून सुरू झालेली ही गोष्ट प्रत्यक्षात एक पाठशाळा आहे. आजीला ठाऊक असलेले नातीस ठाऊक झाले, ते कोणत्याही शासकीय परिपत्रकाविना. जंगल राखले गेले म्हणून भाजी उरली, भाजी उरली म्हणून ज्ञान उरले आणि ज्ञानास मान मिळाला म्हणून जंगल राखण्याची इच्छा टिकली. वन, ज्ञान आणि सन्मान यांची ही साखळी तुटू न देणे, हेच खरे संवर्धन.

खानदेशाचाच धडा

कागद नसलेल्या ज्ञानाचे सोने कसे करावे, हे तर खानदेशास नव्याने शिकविण्याची गरज नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीशी त्यांना गाणी सुचत आणि हवेत विरून जात. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी त्यांतील काही वेळोवेळी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. वही लिहिणारा कोणी नसता तर? एक कष्टाळू शेतकरी स्त्री होती आणि गेली, एवढेच उरले असते.

सोपानदेवांनी आणखी एक गोष्ट केली, जी आज नोंदवही लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावी. त्यांनी आईची बोली पुसली नाही. गाणी आईच्याच शब्दांत उतरविली आणि आईच्याच नावाने जगापुढे ठेवली. सातपुड्याच्या नोंदीही पावरी, भिल्ली, अहिराणी नावांनी व्हाव्यात. शेजारी शास्त्रीय नाव व वाळविलेला नमुना असावा. आणि सांगणाऱ्याचे नाव, त्याची इच्छा असल्यास, पहिल्या ओळीत असावे. जे त्याला उघड करावयाचे नसेल, ते ग्रामसभेच्या ताब्यात मोहोरबंद राहावे. वहीची मालकी गावाची, नकलेस परवानगी ग्रामसभेची. संशोधकाने प्रबंध लिहून पदवी न्यावी आणि पाड्यावर एक प्रतही परत येऊ नये, ही चाल थांबली पाहिजे. राज्य शासनाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मान्यता दिली आहे. त्याचा निधी सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत पोहोचतो की नाही, याकडे लोकप्रतिनिधींनी लक्ष ठेवावे.

हे काम मोठ्या संस्थेची वाट पाहत बसण्याचे नाही. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री येथे महाविद्यालये आहेत, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत, सुटीत मोकळे असलेले विद्यार्थी आहेत. पाड्यावरून आलेली मुले त्याच वर्गांत बसतात. त्यांच्या आजोबांकडे जे आहे, ते त्यांच्या अभ्यासक्रमाचा भाग का होऊ नये? जळगाव-धुळ्यातील आयुर्वेद वैद्यांनी वर्षातून चार दिवस डोंगरात घालवावेत, शिकविण्यास नव्हे, ऐकण्यास. शिक्षक, निवृत्त वनाधिकारी, सेवाकार्यात असलेले कार्यकर्ते यांपैकी कोणीही एक वही आणि थोडी नम्रता घेऊन निघू शकतो. ज्यांना डोंगरात जाणे शक्य नाही, त्या कुटुंबांनी निदान डिंक, मध, हिरडा घेताना तो वेचणाऱ्यांच्या गटाकडून, रास्त भावाने घ्यावा.

धनत्रयोदशी दरवर्षी येते. पुढील धनत्रयोदशीपर्यंत या पाच तालुक्यांत प्रत्येकी एका गावाची एक खरीखुरी नोंदवही पूर्ण झाली, तर ते त्या दिवसाचे उत्तम पूजन होईल. पाच वह्या ही फार मोठी मागणी नाही. मात्र ज्यांना विचारावयाचे आहे, त्यांची वये मोठी आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यास सवड नाही.